रोहित्राचा संकोच : चुंबकीय घटकांच्या लघुकरणाचा इतिहास

१

यंत्राचा आकार लहान होत जाणे हे त्याच्या प्रगतीचे स्वाभाविक लक्षण होय, असा एक समज आधुनिक काळात दृढ झाला आहे. ह्या समजाला मुख्य आधार अर्धसंवाहकांच्या इतिहासाने दिला. एकाच चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या ठराविक काळात दुपटीने वाढत असल्याचे गॉर्डन मूर ह्यांनी १९६५ मध्ये नोंदविले, आणि पुढे अनेक दशके ही वाढ चालू राहिली. परंतु विद्युत्‌शक्तीचे रूपांतर करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपकरणात अर्धसंवाहकाच्या शेजारी दुसरा एक घटक ठाण मांडून बसलेला असतो, आणि त्याला हा नियम लागू पडत नाही. चुंबकीय द्रव्याचा गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याचे वेटोळे असे त्याचे साधे स्वरूप असते. शक्ती एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्यात पोहोचविणे हे त्याचे कार्य असेल तर त्यास रोहित्र म्हणतात. ऊर्जा क्षणभर साठवून परत देणे हे कार्य असेल तर प्रवर्तक म्हणतात.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्यास लोक ‘डीपी’ म्हणून ओळखतात ते रस्त्याकडेचे अवजड रोहित्र, आणि संगणकाच्या खिशात मावणाऱ्या चार्जरमधील सुपारीएवढे रोहित्र, ही दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात. दोघांच्या शक्तीत मोठे अंतर आहे हे खरे. पण केवळ शक्तीच्या प्रमाणात पाहिले तरी दुसरे पहिल्यापेक्षा कितीतरी लहान असते. हा संकोच कसा घडून आला, आणि तो आज कोठे अडला आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

ह्या इतिहासाचे बारकाईने अवलोकन केले असता एक गोष्ट प्रत्ययास येते. चुंबकीय घटकाचा आकार कोणत्याही काळी केवळ कारागिराच्या हस्तकौशल्याने ठरलेला नाही. तो उष्णतेने ठरलेला आहे. गाभ्यात आणि तारेत वाया जाणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडावी लागते, आणि ती बाहेर पडण्यास जितका पृष्ठभाग लागतो त्याहून लहान घटक करता येत नाही. प्रत्येक पिढीने एका प्रकारच्या हानीवर मात केली, तेव्हा तिच्या मागे दडलेली दुसरी हानी पुढे आली. आणि जी हानी वेगळी ओळखली गेली, जिला नाव मिळाले व जिचे मापन झाले, तीच आटोक्यात आणता आली.

२

मायकेल फॅरडे ह्यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ज्या कड्यावर विद्युत्‌ चुंबकीय प्रवर्तनाचा प्रयोग केला, ते मऊ लोखंडाचे कडे बाहेरून ६ इंच व्यासाचे आणि सुमारे पाऊण-एक इंच जाडीचे होते. त्यावर दोन बाजूंना दोन वेटोळी होती. एका वेटोळ्यातील प्रवाह चालू वा बंद करताच दुसऱ्यात क्षणिक प्रवाह उमटे. आजच्या दृष्टीने हे रोहित्रच होय. परंतु फॅरडे ह्यांना शक्तीचे वहन करावयाचे नव्हते, निसर्गाचा एक नियम शोधावयाचा होता. म्हणून ते कडे किती तापते, हा प्रश्न त्या वेळी उद्भवलाच नाही.

तो प्रश्न उद्भवला अर्धशतकानंतर, विद्युत्‌ दिव्यांच्या युगात. ल्युसियाँ गोलार आणि जॉन गिब्ज ह्यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी प्रत्यावर्ती प्रवाहाचे वितरण करण्यासाठी जी उपकरणे वापरली त्यांचा गाभा उघडा होता. म्हणजे चुंबकीय बलरेषांना परतीचा मार्ग हवेतून शोधावा लागे. १८८५ मध्ये बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील कारॉय झिपर्नोव्स्की, ओटो ब्लाती आणि मिक्शा देरी ह्या तिघांनी गाभा पूर्णपणे बंद केला. ‘ट्रान्सफॉर्मर’ हे नाव रूढ करण्याचे श्रेयही ब्लाती ह्यांना दिले जाते. त्यांनी लोखंड अखंड न ठेवता परस्परांपासून निरोधित केलेल्या तारांचे वा पातळ पत्र्यांचे केले, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे.

ह्याचे कारण असे की, बदलते चुंबकीय क्षेत्र ज्याप्रमाणे वेटोळ्यात प्रवाह निर्माण करते त्याचप्रमाणे ते लोखंडाच्या अंगातही करते. पाण्यातील भोवऱ्यांसारखे फिरणारे हे प्रवाह फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको ह्यांनी १८५५ मध्ये दाखवून दिले होते. मराठीत त्यांना आवर्त प्रवाह म्हणता येईल. लोखंड पातळ थरांत कापले की ह्या भोवऱ्यांना फिरण्यास जागा उरत नाही. थराची जाडी निम्मी केली तर ही हानी एक-चतुर्थांश होते. लघुकरणाच्या इतिहासातील हा पहिला विजय होय, आणि तो नव्या द्रव्याने नव्हे तर जुन्याच द्रव्याच्या नव्या रचनेने मिळाला.

३

पत्रे कितीही पातळ केले तरी लोखंड तापतच राहते, हे लवकरच ध्यानात आले. ह्या उरलेल्या उष्णतेचा उलगडा ज्यांनी केला त्यांत जेम्स आल्फ्रेड यूइंग ह्या स्कॉटिश अभियंत्याचे स्थान मोठे आहे. यूइंग हे १८७८ ते १८८३ ह्या काळात टोकियोच्या विद्यापीठात अध्यापन करीत होते. लोखंडावरील चुंबकीय बल वाढविले आणि मग कमी केले, तर त्याचे चुंबकन आलेल्या वाटेने परत जात नाही. ते मागे रेंगाळते. ह्या रेंगाळण्याला यूइंग ह्यांनी १८८१ च्या सुमारास ‘हिस्टेरेसिस’ हे नाव दिले. ‘मागे पडणे’, ‘उशिरा येणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ते साधले आहे, आणि मराठीतील ‘मंदायन’ हा प्रतिशब्दही तोच भाव व्यक्त करतो. जर्मनीत एमिल वारबुर्ग ह्यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हीच घटना वर्णिली होती. जाण्याच्या आणि येण्याच्या वाटांमध्ये आलेखावर जे क्षेत्रफळ बंदिस्त होते, तितकी ऊर्जा प्रत्येक फेऱ्यात उष्णता होऊन जाते.

विद्युत्‌शास्त्राची परिभाषा घडण्याचा हा काळ होता. चुंबकीय पार्यतेसाठी इंग्रजी संज्ञा विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) ह्यांनी १८७२ मध्ये योजिली, तर प्रवर्तकतेसाठीची संज्ञा ऑलिव्हर हेविसाइड ह्यांनी १८८६ मध्ये. ह्या नामकरणास केवळ शाब्दिक मूल्य नव्हते. ‘लोखंड तापते’ असे जोवर म्हटले जात होते तोवर दोन भिन्न कारणे एकाच अनुभवात मिसळलेली होती. आवर्त प्रवाह आणि मंदायन अशी दोन नावे मिळताच दोहोंचे उपायही वेगळे झाले. एकाचा उपाय पत्रा पातळ करणे. दुसऱ्यावर पत्र्याच्या जाडीचा काहीच परिणाम नाही, त्यासाठी द्रव्यच बदलले पाहिजे.

नावानंतर संख्या आली. ब्रेस्लाउ येथून समाजवादी चळवळीतील सहभागामुळे परागंदा व्हावे लागलेले चार्ल्स श्टाइनमेट्झ १८८९ मध्ये अमेरिकेत पोहोचले आणि न्यूयॉर्कनजीक याँकर्स येथे रुडॉल्फ आयकमायर ह्यांच्या कारखान्यात काम करू लागले. १९ जानेवारी १८९२ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतील विद्युत्‌ अभियंत्यांच्या संस्थेपुढे मंदायनाचा नियम मांडला. प्रत्येक फेऱ्यातील हानी ही चुंबकीय स्रोतघनतेच्या, म्हणजे एकक क्षेत्रफळातून जाणाऱ्या बलरेषांच्या संख्येच्या, १·६ ह्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे त्यांनी असंख्य मोजमापांच्या आधारे दाखविले. यूइंग ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांचाही त्यांना उपयोग झाला होता.

ह्या १·६ ह्या आकड्यामागे कोणताही मूलभूत सिद्धान्त नव्हता. तो अनुभवातून आलेला होता, आणि श्टाइनमेट्झ ह्यांनी त्यास तसेच मानले. परंतु त्याचा व्यावहारिक परिणाम मोठा झाला. तोवर यंत्र बांधून, चालवून, तापल्यावर पाहावे लागे. आता बांधण्यापूर्वी कागदावर हानी काढता येऊ लागली. आकाराचा हिशेब प्रथमच शक्य झाला.

४

हा हिशेब काय सांगतो ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ज्यावकीय स्वरूपाच्या प्रत्यावर्ती दाबासाठी रोहित्राचे मूलभूत समीकरण असे आहे : दाब म्हणजे ४·४४, वारंवारता, वेढ्यांची संख्या, गाभ्याचा छेद आणि कमाल स्रोतघनता ह्यांचा गुणाकार. दाब २३० व्होल्ट, वारंवारता ५० हर्ट्‌झ आणि स्रोतघनता १·५ टेस्ला घेतली, तर १० चौरस सेंटिमीटर छेदाच्या गाभ्यावर सुमारे ६९० वेढे द्यावे लागतात. आता वारंवारता १ लक्ष हर्ट्‌झ केली आणि स्रोतघनता मुद्दाम ०·१ टेस्ला इतकी खाली ठेवली, तर १ चौरस सेंटिमीटरच्या गाभ्यावर ५२ वेढे पुरतात. छेद दहापटीने घटला आणि वेढे तेरापटीने.

म्हणजे वारंवारता वाढविणे हाच लहान होण्याचा राजमार्ग होय. हे ज्ञान नवे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून विमानांतील विद्युत्‌योजना ४०० हर्ट्‌झवर चालविल्या जाऊ लागल्या त्या ह्याच कारणास्तव. आकाशात प्रत्येक किलोग्रॅमची किंमत मोजावी लागते. परंतु त्यापुढे जाण्यास लोखंडाची तयारी नव्हती. आवर्त प्रवाहांची हानी वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता हजारपट केल्यास तीच हानी त्याच स्रोतघनतेस दशलक्षपट होणार, आणि ती रोखण्यासाठी पत्रा जितका पातळ करावा लागेल तितका तो लाटणे शक्य नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट हॅडफील्ड ह्यांच्या संशोधनातून सिलिकॉनयुक्त पोलाद पुढे आले. त्याची रोधकता साध्या लोखंडाच्या काही पट असल्याने हानी घटली. १९३४ मध्ये नॉर्मन गॉस ह्यांना पत्र्यातील स्फटिककण एकाच दिशेने वळविण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळाले, आणि ५० वा ६० हर्ट्‌झवरील रोहित्रे अधिक कार्यक्षम व आटोपशीर झाली. तथापि ही सर्व सुधारणा धातूच्या चौकटीतली होती. धातू विद्युत्‌संवाहक असणारच, आणि संवाहक आहे तोवर भोवरे फिरणारच.

५

ह्या चौकटीबाहेर पडण्याचा मार्ग धातू सोडून त्याच्या गंजाकडे वळण्यात होता. लोहाचे ऑक्साइड इतर धातूंच्या ऑक्साइडांबरोबर भाजून केलेली संयुगे, ज्यांना फेराइट म्हणतात, ती मातीच्या भांड्यांप्रमाणे ठिसूळ असून जवळजवळ विद्युत्‌निरोधक असतात. जर्मनीत हिल्पर्ट ह्यांनी १९०९ मध्येच उच्च वारंवारतेसाठी अशा संयुगांचा विचार केला होता. परंतु त्यांच्या द्रव्यांचे चुंबकीय गुण पुरेसे नव्हते. १९३० मध्ये तत्कालीन टोकियो तंत्रविद्या संस्थेत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई ह्यांनी उपयुक्त फेराइट सिद्ध केली. काही कायम चुंबक होणारी होती, तर तांबे व जस्त असलेली काही सहज चुंबकित व विचुंबकित होणारी, म्हणजे गाभ्यास योग्य अशी होती. त्यांचे उत्पादन करण्यासाठी १९३५ मध्ये टोकियोत जी कंपनी स्थापन झाली ती आज टीडीके ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ज्या नगरीत मंदायनास नाव मिळाले त्याच नगरीत सुमारे पन्नास वर्षांनी धातूला पर्याय मिळाला, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे.

युरोपात ह्याच दिशेने हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत स्नुक ह्यांनी काम केले. युद्धकाळातही चालू राहिलेले हे संशोधन १९४७ मध्ये ग्रंथरूपाने पुढे आले. पाठोपाठ १९४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल ह्यांनी फेराइटांच्या चुंबकत्वाची उपपत्ती दिली. ह्या द्रव्यांत अणूंचे दोन गट परस्परविरुद्ध दिशांनी चुंबकित होतात, पण दोघांचे बळ असमान असल्याने काही शिल्लक उरते. लोखंडाच्या चुंबकत्वाहून हे वेगळे आहे हे दाखविण्यासाठी नेएल ह्यांनी ‘फेरो’ ऐवजी ‘फेरी’ असा केवळ एका स्वराचा फरक करून नवी संज्ञा घडविली. ह्या कार्याचाही समावेश असलेल्या संशोधनासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन बळांची वजाबाकी होते हीच फेराइटची मर्यादाही आहे. सिलिकॉन पोलाद सुमारे २ टेस्लापर्यंत चुंबकन पेलते; मँगॅनीज-जस्त फेराइट ०·४ ते ०·५ टेस्लावरच संपृक्त होते, आणि तापल्यावर त्याहूनही आधी. परंतु त्याची रोधकता पोलादाच्या दशलक्ष ते कोटी पटींच्या घरात असते. म्हणजे येथे सौदा झाला : चुंबकनाची क्षमता चार-पाच पटींनी गमावली आणि वारंवारतेची मोकळीक हजारो पटींनी कमावली. दूरध्वनीच्या गाळण्या आणि दूरचित्रवाणी संचातील चित्ररेषा आखणारे रोहित्र ही ह्या द्रव्याची युद्धोत्तर काळातील मोठी क्षेत्रे ठरली. ६२५ रेषांच्या पद्धतीत हे रोहित्र १५,६२५ हर्ट्‌झवर चालत असे.

६

द्रव्य सिद्ध झाले तरी शक्ती इतक्या वेगाने चालू-बंद करणारा स्विच हवा होता. तो ट्रान्झिस्टरने दिला. १९५० च्या दशकाच्या मध्यास वेस्टिंगहाउस कंपनीतील जॉर्ज रॉयर ह्यांनी गाभ्याच्या संपृक्ततेचाच उपयोग करून ट्रान्झिस्टर आपोआप आलटून-पालटून चालविणारी योजना पुढे आणली. १९७० च्या दशकात २० हजार हर्ट्‌झच्या आसपास चालणारे शक्तिपुरवठे संगणकांत व मोजमाप यंत्रांत स्थिरावले. ह्या आकड्यास एक साधे कारण होते : त्याखालील वारंवारतेचा आवाज माणसाच्या कानास ऐकू येतो. १९७७ मध्ये बाजारात आलेल्या ॲपल टू ह्या संगणकासाठी रॉड होल्ट ह्यांनी असाच हलका पुरवठा रचला होता. अवजड रोहित्र वगळल्यामुळे पेटी लहान झाली आणि पंख्याची गरज उरली नाही. त्याच दशकाच्या अखेरीस वेगवान शक्ति-ट्रान्झिस्टर मिळू लागले आणि वारंवारता लाखाच्या घरात गेली.

गाभ्याचा प्रश्न अशा रीतीने मागे पडताच तांब्याचा प्रश्न पुढे आला. प्रत्यावर्ती प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे ढकलला जातो. तांब्यात त्याची परिणामकारक खोली ५० हर्ट्‌झला सुमारे ९ मिलिमीटर असते. १ लक्ष हर्ट्‌झला ती ०·२ मिलिमीटर होते आणि १० लक्ष हर्ट्‌झला ०·०७ मिलिमीटरहून कमी. जाड तारेचा आतील भाग मग केवळ जागा अडवतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, वेटोळ्यातील शेजारच्या थरांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रत्येक थरात उलटसुलट प्रवाह फिरू लागतात. पी. एल. डॉवेल ह्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या हानीचे गणित मांडले. थर जाड आणि अनेक असतील तर हानी थरांच्या संख्येच्या वर्गानुसार वाढते, असा त्याचा निष्कर्ष निघतो. त्यामुळे रोध कमी व्हावा म्हणून तार जाड केल्यास उष्णता घटण्याऐवजी वाढू शकते. रूढ समजुतीस हा मोठा धक्का होता.

ह्यावर दोन उपाय रूढ झाले. एक, केसासारख्या अनेक बारीक निरोधित तारा विशिष्ट रीतीने पिळून केलेली ‘लिट्झ’ तार. हे नाव जर्मनमधील वेणी वा दोरा ह्या अर्थाच्या शब्दावरून आले असून त्याचे मूळ सूत ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. वस्त्रोद्योगातील शब्द असा विद्युत्‌शास्त्रात आला. दुसरा, मंडलाच्या छापील फलकावरच तांब्याच्या पातळ पट्ट्यांचे वेढे काढून त्यांच्या भोवती चपटा गाभा बसविणे. ह्या दुसऱ्या रीतीत उंची कमी होते, पृष्ठभाग वाढतो, आणि प्रत्येक नग तंतोतंत सारखा निघतो.

७

रोहित्राविषयी आतापर्यंत जे सांगितले ते प्रवर्तकास जसेच्या तसे लागू पडत नाही. रोहित्रात ऊर्जा साठू नये अशी अपेक्षा असते, तर प्रवर्तकाचे प्रयोजनच साठवण हे आहे. पाहणाऱ्यास वाटते की ऊर्जा गाभ्यात साठते. वस्तुतः ती गाभ्यात मुद्दाम ठेवलेल्या हवेच्या फटीत साठते. ०·३ टेस्ला स्रोतघनतेस एक घन सेंटिमीटर हवेत सुमारे ०·०३६ जूल ऊर्जा मावते. तेवढ्याच आकाराच्या, दोन हजार सापेक्ष पार्यतेच्या फेराइटमध्ये तिचा दोन हजारावा भाग. म्हणून प्रवर्तकाचा आकार फटीने ठरतो, आणि फटीजवळ बाहेर फुगलेल्या बलरेषा शेजारच्या तांब्यास तापवितात.

येथे अधिक स्रोतघनता पेलणारे द्रव्य उपयोगी पडते. पोल डुवे ह्यांनी कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेत १९६० च्या सुमारास वितळलेली मिश्रधातू अतिशय वेगाने थंड करून काचेसारखी अस्फटिक धातू मिळविली होती. पुढे लोहाच्या अशा धातूच्या सुमारे ०·०२५ मिलिमीटर जाडीच्या फिती निघू लागल्या. १८८५ साली पत्रे पातळ करण्यात जे साधले होते तेच येथे लाटण्याची अडचण टाळून साधले. १९८८ मध्ये योशिझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्या वेळच्या हिताची मेटल्स कंपनीत, अशी फीत पुन्हा तापवून तिच्यात मिलिमीटरच्या लक्षांशाएवढे स्फटिक वाढविले. स्फटिक इतके सूक्ष्म झाले की मंदायनही क्षीण झाले. ही द्रव्ये सुमारे १·२ टेस्ला पेलतात.

घटकांची संख्या कमी करणे हाही संकोचाचा एक मार्ग ठरला. स्लोबोदान चुक ह्यांनी आर. डी. मिडलब्रुक ह्यांच्यासमवेत १९७० च्या दशकात दोन प्रवर्तक एकाच गाभ्यावर बसविण्याची कल्पना विकसित केली. रोहित्रातील ज्या बलरेषा एका वेटोळ्यातून निघून दुसऱ्यात पोहोचत नाहीत त्यांना पूर्वीपासून ‘गळती’ म्हणत आले आहेत, आणि ती कमी करणे हे कुशल अभियंत्याचे कर्तव्य मानले जाई. आजच्या अनुस्पंदी परिवर्तकांत हीच गळती मोजून-मापून ठेवतात आणि तिला वेगळ्या प्रवर्तकाचे काम देतात. दोषाचा गुण झाला. नाव मात्र दोषाचेच राहिले.

८

२०१० नंतरच्या काळात गॅलियम नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइड ह्यांचे स्विच व्यवहारात आले. ते इतके वेगवान आहेत की स्विचची अडचण बरीचशी दूर झाली आणि चुंबकीय घटक हाच आकाराचा मुख्य निर्णायक उरला. २०१४ मध्ये गूगल कंपनी आणि विद्युत्‌ अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था ह्यांनी २ किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेच्या परिवर्तकासाठी दहा लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. शक्तिघनता प्रति घन इंच किमान ५० वॉट असावी ही अट सर्वत्र गाजली. परंतु पेटीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर तापू नये, ही दुसरी अट तितकीच कठीण होती. २०१६ मध्ये विजयी ठरलेल्या बेल्जियमच्या गटाने १४० वॉटहून अधिक शक्तिघनता साधली.

अशा यशामुळे संकोच असाच चालू राहील असे वाटणे साहजिक आहे. परंतु चुंबकीय घटकाचे प्रमाण-गणित त्याविरुद्ध जाते. प्रवर्तकाची लांबी, रुंदी व उंची निम्मी केली आणि वेढे तितकेच ठेवले, तर तारेची लांबी निम्मी होते पण छेद एक-चतुर्थांश होतो. म्हणून रोध दुप्पट होतो. प्रवर्तकता मात्र निम्मी होते. साठविलेली ऊर्जा आणि वाया गेलेली ऊर्जा ह्यांचे गुणोत्तर, वारंवारता तीच असता, एक-चतुर्थांशावर येते. अर्धसंवाहक लहान होताना सुधारला. चुंबकीय घटक लहान होताना बिघडतो. वारंवारता चौपट करून ही तूट भरून काढावी तर तांब्यातील प्रवाह पृष्ठभागाकडे सरकतो आणि गाभा अधिक तापतो.

गाभ्याच्या ह्या तापण्याचे गणित आजही श्टाइनमेट्झ ह्यांच्या सूत्राच्या विस्तारित रूपाने करतात. हानी ही वारंवारतेच्या एका घाताच्या आणि स्रोतघनतेच्या दुसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. समजा, पहिला घात १·५ आणि दुसरा २·५ आहे, आणि प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ठराविक उष्णताच परवडते. मग वारंवारता दहापट केली तर स्रोतघनता सुमारे एक-चतुर्थांश करावी लागते, आणि दोहोंच्या गुणाकारात, म्हणजे प्रत्यक्ष लाभात, वाढ केवळ अडीचपट होते. वारंवारता आणखी वाढली की पहिला घातही वाढत जातो. तो दुसऱ्याच्या बरोबरीस आला की लाभ शून्य होतो, आणि त्यापुढे गेला की तोटा सुरू होतो. वारंवारता वाढविणे हा राजमार्ग खरा, पण तो अमर्याद नाही.

शिवाय मूळ सूत्र ज्यावकीय तरंगासाठी आहे, आणि शक्ति-परिवर्तकांत तरंग चौकोनी वा त्रिकोणी असतात. उत्पादकांच्या पत्रकांतील आकडे तसेच वापरल्यास हिशेब चुकतो. २००२ मध्ये चार्ल्स सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच घातांक ठेवून इतर तरंगांना लागू पडणारे सुधारित सूत्र दिले. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने निरनिराळ्या तरंगांसाठी, तापमानांसाठी आणि द्रव्यांसाठी लक्षावधी मोजमापे गोळा करून ती सर्वांस खुली करण्यात आली, आणि २०२३ मध्ये ह्या मोजमापांवरून हानीचे भाकीत करण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. स्पर्धकांपैकी अनेकांनी संगणकीय तंत्रिकाजाले वापरली. साधने पालटली, परंतु पद्धत तीच राहिली. १८९२ मध्येही मोजमापांच्या राशीतून नियम काढला गेला, आणि फेराइटमधील हानीचे संपूर्ण गणित मूलतत्त्वांपासून मांडता येत नसल्याने आजही तोच मार्ग अनुसरावा लागतो.

९

ह्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, चुंबकीय घटकाचे लघुकरण ही एका शोधाची फलश्रुती नसून हानीच्या स्थानांतराची परंपरा आहे. लोखंडातील भोवऱ्यांवर पत्र्याने मात केली तेव्हा मंदायन उरले. फेराइटने गाभा सावरला तेव्हा तांबे तापू लागले. तारेचा बंदोबस्त झाला तेव्हा फटीच्या काठची उष्णता दिसू लागली. म्हणून एकच भाग पराकाष्ठेने सुधारणारी रचना बहुधा फसते, आणि गाभा, तार व उष्णतेचा मार्ग ह्या तिहींचा मेळ घालणारी टिकते.

दुसरा निष्कर्ष ज्ञानाच्या स्वरूपाविषयी आहे. श्टाइनमेट्झ ह्यांचे सूत्र अपूर्ण होते, आणि तरीही ते सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडले, कारण ते मोजमापाशी प्रामाणिक होते. जेथे त्याचा गैरवापर झाला तेथे दोष सूत्राचा नव्हता. ते कोणत्या परिस्थितीत मोजले गेले ह्याचे विस्मरण हे त्याचे कारण होते.

तिसरा निष्कर्ष भाषेच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. संज्ञा ही शोधानंतर चिकटविलेली चिठ्ठी नव्हे. यूइंग ह्यांनी मंदायनास वेगळे नाव दिले नसते तर त्याचे वेगळे मापनही लांबणीवर पडले असते. उलट ‘गळती’ ह्या नावाने एका उपयुक्त गुणास दीर्घकाळ दोषाच्या रकान्यात अडकवून ठेवले. मराठीतून विज्ञान शिकविताना प्रतिशब्द निवडणाऱ्याने केवळ मूळ शब्दाची व्युत्पत्ती पाहून भागणार नाही. त्या शब्दाने कोणता भेद दाखविला जातो आणि कोणता झाकला जातो, हेही पाहिले पाहिजे. चार्जर, विद्युत्‌ वाहन वा उपग्रह ह्यांतील रोहित्र उद्या किती लहान होईल हे बव्हंशी, आज जी उष्णता अद्याप निनावी आहे ती कोण ओळखतो आणि मोजतो, ह्यावर अवलंबून राहणार आहे.